‘शेअर करा’ किती वेळा म्हणावं? घरून धंदा करणाऱ्या एका ताईच्या प्रश्नावर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा, की तुम्ही नागपुरात सक्करदऱ्याकडे राहता, थंडीत सांबारवडी (सांबार म्हणजे आपली कोथिंबीर) अन् उन्हाळ्यात वाळवण, म्हणजे कुरड्या, पापड, मूगवड्या असं घरून करून विकता. इन्स्टाग्रामवर अठराशे फॉलोअर्स आहेत, व्हॉट्सॲपवर दीडशे जणांचा ग्रुप आहे. प्रत्येक पोस्टखाली ‘प्लीज शेअर करा’ लिहिता. पहिले दोन-तीन महिने लोकांनी केलं, आता कोणी करत नाही, अन् मागच्या आठवड्यात तुमची जुनी मैत्रीण काही न बोलता ग्रुपमधून निघून गेली. तर शेअर करा म्हणणं वाईट दिसते का, अन् म्हणायचंच तर किती वेळा, असं तुम्ही विचारलं.

मी नागपुरातल्या लहान दुकानांचे, मेसचे, क्लासेसचे अन् दोन-तीन सेवाभावी मंडळांचे पेजेस सांभाळतो, बारा वर्षं होत आली या कामाला. हा प्रश्न येतो तेव्हा बहुतेकांना आकडा पाहिजे असतो, आठवड्यातून एकदा की दोनदा. आकडा मी पुढे सांगतो, पण त्याच्या आधी हे पाहू की शेअर करताना समोरच्याचं काय लागते.

लाईकला काही लागत नाही, माणूस बसमध्ये उभ्याउभ्या दहा लाईक देऊन मोकळा होतो. शेअर करताना मात्र तो आपल्या साळ्याला, ऑफिसातल्या मॅडमला, कॉलनीच्या ग्रुपला सांगून राहिलेला असतो की हे चांगलं आहे, मी सांगतो, घ्या. म्हणजे तो तुमचा जामीन राहिला. उद्या वडी खवट निघाली किंवा कुरिअरमध्ये कुरड्यांचा चुरा झाला तर तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही, तुम्हाला ते ओळखतच नाहीत, बोल त्याला लागेल, ‘तूच तर पाठवलं होतं’ म्हणून. आता बँकेच्या कर्जाला जामीन राहा असं आपण कोणाला म्हणतो? ज्याला आपली पत माहीत आहे त्याला, तेही अडलं तेव्हा, अन् घरी जाऊन. दीडशे लोकांना एकदम अन् दर दोन दिवसांनी नाही म्हणत. तुमच्या ग्रुपवर लोक कंटाळले ते तुमच्या वड्यांना नाही, रोज जामीन राहायला सांगितल्यामुळे कंटाळले, असं मला वाटते.

आता यात पुष्कळ गोष्टी परिस्थितीवर आहेत, ते आधीच सांगून ठेवतो. तुमचे अठराशे कोण आहेत ते मला माहीत नाही. त्यातले बहुतेक नातेवाईक अन् कॉलनीतले असले तर ते पहिल्या महिन्यात प्रेमापोटी शेअर करतात अन् थांबतात, कारण त्यांची अन् तुमची ओळखीची माणसं तीच आहेत, पाठवायला नवीन कोणी उरतच नाही. हा त्यांचा दोष नाही अन् तुमचाही नाही. गिऱ्हाईक जास्त असतील तर गोष्ट वेगळी, गिऱ्हाईक खाल्ल्यावर सांगते, खायच्या आधी सांगत नाही. अन् नुसते रील पाहून आलेले अनोळखी लोक असतील तर त्यांना शेअर मागण्यात काहीच अर्थ नाही, त्यांनी अजून तुमच्या हातचं काही चाखलेलं नाही, ते कशाच्या भरवशावर सांगतील?

आणखी एक, नागपुरात सरकारी नोकरीतले लोक भरपूर. त्यांना वर्तणूक नियम असतात, कित्येक जण स्वतःच्या अकाउंटवर कोणाच्या धंद्याची जाहिरात टाकायला कचरतात, मग ती बहिणीची का असेना. माझ्या स्वतःच्या साडूंनी माझ्या एकाही क्लायंटची पोस्ट आजवर शेअर केलेली नाही अन् मी त्यांना कधी विचारलंही नाही. तेच साडू तोंडी मात्र चार लोकांना सांगतात. तर ज्यांनी शेअर केलं नाही त्यांना आपली किंमत नाही असं मनात आणू नका.

आता ॲपची बाजू, कारण हे नुसतं शिष्टाचाराचं नाही. फेसबुकनं डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केलं होतं की ‘लाईक करा, शेअर करा, मित्रांना टॅग करा’ अशी ओरड करणाऱ्या पोस्ट ते फीडमध्ये खाली ढकलतील. त्यातच त्यांनी सांगितलं होतं की खरी मदत मागणाऱ्या, सल्ला विचारणाऱ्या पोस्टला, म्हणजे हरवलेल्या मुलाची माहिती, एखाद्या कामासाठी निधी, प्रवासाबद्दल विचारणा, अशांना हा नियम लागणार नाही. म्हणजे मागणं वाईट नाही, कारण नसताना मागणं वाईट, हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. अन् ‘ही पोस्ट आपल्या टाईमलाईनवर शेअर करा अन् लकी ड्रॉमध्ये भाग घ्या’ असं करायला तर फेसबुकच्या पेजच्या नियमात मनाईच आहे, पण आपल्याकडे दर दुसरं दुकान दिवाळीत हेच करते.

इन्स्टाग्रामचं थोडं वेगळं आहे. त्यांचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की लोक किती वेळ पाहतात, किती लाईक करतात अन् किती जण दुसऱ्याला मेसेजमध्ये पाठवतात, या तीन गोष्टी सगळ्यात जास्त मोजल्या जातात, अन् नवीन लोकांपर्यंत पोचायला तर ते पाठवणंच जास्त कामी येते. तुमच्यासाठी ही चांगली बातमी आहे ताई. कोणी स्टोरीला लावलं नाही तरी चालते, एखाद्या बाईनं गुपचूप आपल्या बंगलोरच्या बहिणीला पाठवलं तर त्याचं मोल जास्त. अन् असं पाठवणं ‘प्लीज शेअर’नं होत नाही, वाचताना माणूस आठवला पाहिजे.

म्हणून शब्द बदला. ‘प्लीज शेअर करा’ हे कोणालाच उद्देशून नसते. त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘तुमच्या ओळखीत कोणाचं पोरगं पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला असेल अन् घरच्या कुरड्यांची आठवण काढत असेल तर त्याला हे दाखवा, आम्ही तिकडे कुरिअर करतो.’ वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर लगेच एक चेहरा येतो. दोन बोटांचं काम, अन् पाठवणाऱ्याला वाटते मी त्या पोराचं काम केलं, जाहिरात केली असं वाटत नाही. सांबारवडीला तर हे फारच सोपं आहे, कारण बाहेरगावी कोथिंबिरीला सांबार म्हटलं तर लोक इडलीसोबतचं समजतात, आपलाच माणूस आपल्या माणसाला ही पोस्ट पाठवेल.

आपल्याकडे लग्नाच्या पत्रिकेचं कसं असते? छापलेली पत्रिका सगळ्यांनाच जाते, खाली ‘हेच आगत्याचे निमंत्रण समजावे’ असं असते, पण मामाकडे, आत्याकडे माणूस स्वतः जातो, अक्षता ठेवतो, दोन मिनिटं बसून चहा घेतो. ज्यानं यावंच असं वाटते त्याला आपण पत्रिकेच्या भरवशावर सोडत नाही. शेअरचंही मी तसंच करायला सांगतो. वर्षात दोन-तीन वेळा खरंच गरज पडते, समजा वाळवणाची ऑर्डर उघडली किंवा पहिल्यांदा प्रदर्शनात स्टॉल लावला. तेव्हा सात-आठ जणांना वेगवेगळा मेसेज करा, नाव घेऊन, कॉपी-पेस्ट नाही, अन् सांगा की तुमच्या त्या भिशीच्या ग्रुपवर सांगता आलं तर पाहा, नाही जमलं तरी काही नाही. शेवटचं वाक्य मनापासून लिहा, अन् मग नाही केलं तर पुन्हा आठवण करू नका. निळ्या टिका पाहून ‘पाहिलं पण टाकलं नाही’ असं विचारणं म्हणजे तर नातं तुटायची सोय.

हे मी अनुभवानं सांगून राहिलो, त्यातला एक प्रसंग सांगतो. नागपूरच्या महाल भागातलं एक फरसाणचं दुकान मी पाहत होतो, नाव नाही घेत. मीच स्कीम काढली होती, आमची पोस्ट व्हॉट्सॲप स्टेटसला लावा, काउंटरवर दाखवा, बिलात दहा टक्के सूट. पहिल्या शनिवारी मी स्वतः तिथं उभा होतो. एक काका आले, साठीतले, कितीतरी वर्षांचे गिऱ्हाईक, हातात कापडी पिशवी. काउंटरवरच्या पोरानं विचारलं, स्टेटस लावलं का? काकांनी चष्मा वर केला, फोन काढला, स्टेटस कुठं असते ते त्यांना सापडेना, मागे रांग. शेवटी पोरानं त्यांच्या हातातून फोन घेतला अन् स्वतःच लावून दिलं. त्या स्टेटसच्या वर काकांनी सकाळी आपल्या वारलेल्या भावाचा फोटो लावला होता, वर्षश्राद्ध होतं. त्याच्याच खाली आमचा शेव-चिवड्याचा फोटो गेला. काका काही बोलले नाहीत, बिलात सूट लागली, पिशवी घेऊन गेले. अन् मी दारातून पाहिलं, पायरीवर उभे राहून काका ते स्टेटस काढायचा प्रयत्न करून राहिले होते, अंगठा दाबून धरत होते, जमत नव्हतं. मी जाऊन काढून दिलं. ती स्कीम मी त्याच संध्याकाळी बंद केली. आकडे चांगले आले होते त्या दिवशी, मालक माझ्यावर नाराजही झाले, पण सवलतीच्या बदल्यात कोणाची जबान घ्यायची नाही हे मी तेव्हापासून पक्कं केलं.

याच्याच जवळचं म्हणजे फुकट डबा देऊन स्टोरी टाकून घेणं. ते चुकीचं नाही, पण भारतीय जाहिरात मानक परिषदेचे म्हणजे एएससीआयचे नियम २०२१ पासून आहेत, वस्तू फुकट मिळाली असेल तरी ते पोस्टवर स्पष्ट सांगावं लागते. तुम्ही ज्या मुलीला डबा द्याल तिला सरळ म्हणा, ‘ताईंनी खायला पाठवलं होतं’ असं लिही, अन् आवडलं नाही तर टाकू नको.

आता व्हॉट्सॲप. २०१८ मध्ये मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवर फिरली अन् १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला भिक्षा मागायला गेलेल्या भटक्या समाजाच्या पाच माणसांना जमावानं मारून टाकलं. अशा घटना देशात इतरही ठिकाणी झाल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तसं लिहून यायला लावलं, अन् भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली, पुढे एप्रिल २०२० मध्ये पुष्कळदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. ‘हा मेसेज सगळ्या ग्रुपला पाठवा’ हे वाक्य त्या काळापासून लोकांच्या डोक्यात अफवेचं वाक्य होऊन बसलं आहे. तुमचा वाळवणाचा मेसेज कितीही साधा असो, शेवटी ते वाक्य आलं की वाचणारा सावध होतो. अन् वर ‘फॉरवर्ड’चा बाण दिसला की अर्धे लोक उघडतही नाहीत. म्हणून ज्यांना सांगाल त्यांना म्हणा की माझा मेसेज ढकलू नका, तुम्हाला काय आवडलं ते तुमच्या शब्दात दोन ओळी लिहा अन् खाली माझा नंबर टाका.

ग्रुपपेक्षा तुम्हाला ब्रॉडकास्ट लिस्ट बरी पडेल. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो, अन् ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच पोचतो. लोक याला तोटा समजतात, माझ्या मते हाच फायदा, ज्यानं नंबर सेव्ह केला त्याला तुमच्याकडून ऐकायचं आहे हे तर नक्की झालं. ग्रुपमध्ये न विचारता कोणाला टाकत असाल तर ते आजच बंद करा. अन् चाळीस जणांना फोटोत टॅग करणं, ‘खरा नागपूरकर असाल तर शेअर कराल’ असं लिहिणं, हे तर नकोच, माणसाला लाज वाटायला लावून घेतलेला शेअर एकदाच मिळतो.

एक बारीक गोष्ट, पण पुष्कळ ठिकाणी इथंच काम फसते. शेअर मागायच्या आधी पोस्ट शेअर करण्यासारखी आहे का ते पाहा. फोटो फिरताना खालचं लिखाण कित्येकदा गळून पडते, म्हणून भाव, नंबर, ऑर्डरची शेवटची तारीख अन् कुरिअर कुठं-कुठं जाते हे फोटोवरच लिहा, मोठ्या अक्षरात, वयस्क माणसाला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं. इन्स्टाग्राम अकाउंट प्रायव्हेट तर नाही ना तेही पाहा. मागच्या वर्षी एका मेसवाल्या काकू माझ्याकडे हीच तक्रार घेऊन आल्या होत्या, कोणी शेअर करत नाही म्हणून, अन् अकाउंटला कुलूप होतं, लोक पाठवत होते पण समोरच्याला काही उघडत नव्हतं.

तारखेचं मी फार मनावर घेतो, त्याला कारण आहे. सात-आठ वर्षांपूर्वी एका मंडळाच्या पेजवरून मी रक्ताची पोस्ट टाकली होती. मेडिकलमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, एक सिकलसेलचा मुलगा भरती होता, आपल्या विदर्भात हा रक्ताचा आजार किती घरांत आहे ते तुम्हाला सांगायला नको. रक्तगट, वॉर्ड, मोठ्या भावाचा नंबर सगळं टाकलं, खाली लिहिलं ‘जास्तीत जास्त शेअर करा’. लोकांनी केलं, अन् दोन तासांत रक्त मिळालं. तारीख मात्र मी टाकली नव्हती. ती पोस्ट फिरत राहिली. चार महिन्यांनी तो मुलगा गेला, अन् त्याच्यानंतर वर्षभर त्याच्या भावाला फोन येत राहिले, ‘रक्त पाहिजे होतं ना, आम्ही मेडिकलच्या गेटवर आहोत’. देणारी सगळी चांगली माणसं, कामधंदा सोडून आलेली. भाऊ प्रत्येकाला सांगायचा, झालं हो, गरज नाही आता. शेवटी त्यानं नंबर बदलला. मला हे त्यानं स्वतः सांगितलं, रागावला नाही, तेच मला जास्त लागलं.

तेव्हापासून मदतीच्या कोणत्याही पोस्टवर मी वरच तारीख अन् वेळ टाकतो, ‘आज रात्री नऊपर्यंतच’ असं, अन् शेअर करणाऱ्यांना सांगतो की गरज भागली की इथंच लिहू, तुम्हीही काढून टाका. अन् काम झालं की मूळ पोस्टच्या पहिल्या ओळीत ‘गरज पूर्ण झाली’ लिहायचं, कमेंटमध्ये नाही, कमेंट शेअरसोबत जात नाही. ‘जास्तीत जास्त शेअर करा’च्या जागी ‘मेडिकलच्या जवळपास असलेल्या, मागच्या तीन (बाई असेल तर चार) महिन्यांत रक्त न दिलेल्या ओळखीच्या माणसाला सांगा’ असं लिहितो, कारण दोन रक्तदानांत पुरुषांना ९० दिवस अन् बायकांना १२० दिवसांचं अंतर लागते, नुसतं हजार लोकांकडे जाऊन उपयोग नाही. सापडलेल्या लहान लेकराचा फोटो तर कोणी कितीही म्हटलं तरी फिरवत नाही, १०९८ ला किंवा पोलिसांना फोन करायचा, त्याची ओळख उघड करायला कायद्यानंच मनाई आहे.

तुमच्या वाळवणाला एवढं गंभीर काही नाही, पण रीत तीच ठेवा. ‘ऑर्डर १५ मार्चपर्यंत’ असं टाका अन् १६ तारखेला पोस्टवर ‘यंदाची ऑर्डर बंद’ लिहा, म्हणजे ज्यानं शेअर केलं त्याला मे महिन्यात कोणी तोंडघशी पाडणार नाही.

आता आकडा. माझा हिशोब असा की दहा पोस्टमागे एका पोस्टला शेअर मागावं, अन् उरलेल्या नऊ अशा असाव्या की नुसतं वाचूनही माणसाला काही मिळालं. पापडखार किती घालायचा, दमट हवेत कुरड्या कशा ठेवायच्या, सांबारवडीचं सारण पाणी सोडते ते कशानं, हे तुम्हाला येते, ते मोकळेपणानं सांगा. कृती सांगितली तर गिऱ्हाईक कमी होते अशी भीती धरू नका, जी बाई वाचून स्वतः करणार होती ती तशीही विकत घेणार नव्हती. हा दहाला एकचा आकडा माझ्या कामातून आलेला आहे, कोणाचा दीडशेचा ग्रुप घरच्यासारखा असला तर जास्तही चालेल.

अन् दुसऱ्यांचं शेअर करा, काही न मागता. तुमच्या गल्लीत कोणी शिवणकाम करत असेल, कोणी मोदक करून देत असेल, त्यांचं तुम्ही स्वतः वापरून पाहिलेलं असेल तर दोन ओळी लिहून टाका. परत मिळेलच या हिशोबानं नाही, पण तुम्हाला कळेल की शेअर करताना मनात काय-काय येते, मी हे माझ्या भावजयीला पाठवलं अन् तिला नाही आवडलं तर? ती धाकधूक एकदा स्वतः अनुभवली की मागताना आपोआप जपून मागितलं जाते. ज्यानं तुमचं शेअर केलं त्याला खाजगीत सांगा की तुमच्यामुळे अमुक ठिकाणाहून ऑर्डर आली, ती कशी पोचली. सगळ्यांसमोर नावांची यादी टाकून आभार मानू नका, ज्यांचं नाव त्यात नाही ते मोजतात.

राहिली तुमची मैत्रीण. ती कशामुळे गेली ते तुम्हाला अन् मला माहीत नाही, कदाचित फोनची जागा भरली म्हणून दहा ग्रुप एकदम सोडले असतील. तिला परत ॲड करू नका अन् ‘ग्रुप काहून सोडला’ असंही विचारू नका. एखाद्या दुपारी फोन करा, पोरांचं विचारा, सासूबाईंच्या गुडघ्याचं विचारा, धंद्याचा विषय तिनं काढला तरच काढा. थंडी आहे, सांबार स्वस्त झाला असेल, वड्या तळाल त्या दिवशी डबा घेऊन तिच्याकडे जाऊन या, अन् डब्यावर पेजचं स्टिकर लावू नका.